झाकलेल्या डोळ्याची कुळकथा

इसवी सनाच्या सातव्या शतकात अलेक्झांड्रिया शहरात पॉल नावाचा एक वैद्य होता. मूळचा एजिना बेटावरचा, म्हणून इतिहास त्याला एजिनाचा पॉल म्हणून ओळखतो. ग्रीक वैद्यकाचे सार त्याने सात खंडांत एकत्र केले, आणि त्यात जन्मतः तिरळ्या असलेल्या तान्ह्या मुलांसाठी एक उपाय लिहून ठेवला. मुलाच्या चेहऱ्यावर मुखवटा बांधावा आणि त्याला समोर दोनच भोके ठेवावीत, म्हणजे बाळाला सरळ पाहण्यावाचून गत्यंतर उरणार नाही. दिवा ठेवायचा तोही एका बाजूला नव्हे, समोर. डोळा नाकाकडे वळत असेल तर कानशिलाजवळ जांभळ्या लोकरीचे पुंजके चिकटवावेत, म्हणजे त्या रंगाच्या ओढीने डोळा बाहेरच्या बाजूला येईल. वैद्याच्या मनातले कारण या उपायातूनच कळते. डोळ्याला वाकडी सवय लागली आहे आणि ती मोडून काढायची आहे, एवढेच त्याला दिसत होते. त्या डोळ्याला दिसते किती, हा प्रश्न त्याने विचारलेला नाही.

तो प्रश्न विचारला जाईपर्यंत बरीच शतके गेली, आणि उत्तर मिळायला त्याहून अधिक. आज आपण ज्याला मंददृष्टी म्हणतो, बोलीभाषेत आळशी डोळा, तो विकार साधारण शंभरात दोन-तीन मुलांना असतो. एक डोळा तपासला तर भिंग निर्मळ असते, मागचा पडदा निरोगी असतो, नस शाबूत असते. अचूक नंबरचा चष्मा लावला तरी तक्त्यावरच्या खालच्या ओळी त्या डोळ्याला वाचता येत नाहीत. तपासणाऱ्या वैद्याला काहीच दिसत नाही आणि रुग्णालाही फारसे दिसत नाही, असे या विकाराचे वर्णन नेत्रवैद्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. त्याचे कारण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नीट हाती लागले. उपाय मात्र त्याआधी हजार वर्षे सापडलेला होता. वैद्यकात असे उलट क्रमाने घडलेले प्रवास थोडे नाहीत, पण इतका लांबलेला क्वचितच पाहायला मिळेल.

पॉलच्याही मागे गेलो तर आपण हिपोक्रेटिसच्या परंपरेपाशी पोहोचतो. हवा, पाणी आणि स्थळ या विषयावरच्या त्या परंपरेतील ग्रंथात एक निरीक्षण आहे: तिरळ्या आईबापांची मुले बहुधा तिरळी होतात. तिरळेपणा घराण्यात चालतो हे आजही खरे आहे, आणि डॉक्टर आजही घरातल्यांबद्दल विचारतात. आपल्याकडे सुश्रुताने उत्तरतंत्रात डोळ्याचे ७६ रोग मोजले. संधीचे ९, पापण्यांचे २१, पांढऱ्या भागाचे ११, काळ्या भागाचे ४, सर्व डोळ्याचे १७, दृष्टीचे १२ आणि बाह्य कारणांचे २ अशी ती मांडणी. मोतीबिंदू शलाकेने बाजूला सारण्याची त्याची क्रिया जगप्रसिद्ध आहे. या मांडणीचा पाया असा की रोगाचे ठिकाण डोळ्यात असते. ते ठिकाण शोधावे आणि तेथे उपाय करावा. तीक्ष्ण निरीक्षणातून आलेली ही शिस्त शेकडो विकारांना पुरली. ज्या विकारात डोळ्यात बोट ठेवायला जागाच नाही, त्याला मात्र ती पुरणारी नव्हती, आणि हे फक्त भारतातच नव्हे, जगभर खरे होते.

पहिले निर्णायक वळण बगदादमध्ये आले. हर्रान गावचा साबित इब्न कुर्रा हा नवव्या शतकातला गणिती, ज्योतिषी आणि वैद्य, इ.स. ९०१ मध्ये तो बगदादलाच वारला. त्याच्या नावावर असलेल्या नेत्रवैद्यकाच्या ग्रंथात तिरळेपणाचा उपचार सांगितला आहे तो असा: निरोगी डोळा झाकावा. तसे केले की पाहण्याची सगळी शक्ती वळलेल्या डोळ्याकडे जाईल आणि त्याची दृष्टी पूर्ववत होईल. तोवर चांगला डोळा उघडू नये. येथे आपण थोडे थांबायला हवे. पॉलचा मुखवटा दोन्ही डोळ्यांना सारखाच वागवत होता. साबितच्या ग्रंथात मात्र दोन डोळ्यांतला संबंध पहिल्यांदा दिसतो. दृष्टीची शक्ती एकच आहे, एक डोळा ती सगळी घेऊन बसला आहे आणि दुसरा उपाशी आहे, ही ती कल्पना. शक्ती म्हणजे काय, ती कोठून वाहते, याची उत्तरे त्या काळच्या समजुतीतली होती. तरीही दोन डोळ्यांत चढाओढ असते हा तिचा गाभा हजार वर्षांनी प्रयोगशाळेत खरा ठरला. मला या साऱ्या इतिहासात हे एक वाक्य सर्वांत थोर वाटते.

युरोपात ते वाक्य लवकर पोहोचले नाही. तेथे मुखवटाच चालू राहिला. १५८३ मध्ये ड्रेस्डेनच्या गेओर्ग बार्टिशने डोळ्यांच्या रोगांवर जर्मन भाषेत भला मोठा सचित्र ग्रंथ छापला. लॅटिन न येणाऱ्या, जत्रा-बाजारांत फिरून शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाचा हा ग्रंथ. त्यातली लाकडी ठशांची चित्रे आजही पाहत राहावीत अशी आहेत. त्यात तिरळ्या मुलांना घालायच्या कापडी टोप्या आहेत, संपूर्ण डोके झाकणाऱ्या, बंदांनी बांधलेल्या, आणि डोळे ज्या दिशेला वळवायचे त्या बाजूला भोके पाडलेल्या. याच ग्रंथात जादूटोण्याने होणाऱ्या नेत्ररोगांवरही प्रकरणे आहेत. उत्तम कारागिरी आणि चेटकाची भीती एकाच माणसाच्या मनात नांदत होती, आणि त्या शतकात त्यात कोणाला विसंगती वाटली नसती.

अठराव्या शतकात मात्र कारणाचा शोध गंभीरपणे सुरू झाला. पुढे निसर्गेतिहासाचे प्रचंड खंड लिहून कीर्ती मिळवणारा बुफाँ हा फ्रेंच पंडित १७४३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे तिरळेपणाच्या कारणावर निबंध घेऊन आला. त्याने तिरळी माणसे गाठून त्यांचा एकेक डोळा वेगळा तपासला, आणि त्याला आढळले की वळणारा डोळा दुसऱ्यापेक्षा दुबळा असतो. यावरून त्याने तर्क बांधला: एका डोळ्याला वस्तू स्पष्ट दिसते, दुसऱ्याला धूसर, आणि ही धूसर प्रतिमा स्पष्ट प्रतिमेत कालवली जाते म्हणून मूल तो डोळा नकळत बाजूला वळवते. उपाय म्हणून त्यानेही चांगला डोळा झाकायला सांगितला, आणि दोन डोळ्यांतला फरक फार मोठा असेल तर त्याचा उपयोग होत नाही हेही प्रामाणिकपणे नोंदवले. दुबळेपणा आधी आणि तिरळेपणा नंतर, हा बुफाँचा क्रम. पुढच्या शतकातल्या अनेकांनी तो उलटा लावला: तिरळेपणा आधी, त्यामुळे डोळा वापरात राहत नाही आणि म्हणून दुबळेपणा. दीडशे वर्षे हा वाद चालला. आज आपण जाणतो की दोन्ही रस्ते खरे आहेत. काही मुलांत नंबरातला फरक आधी असतो, काहींत तिरळेपणा, आणि दोघेही एकाच मुक्कामाला येतात.

डोळा झाकण्याच्या युक्तीचा गैरवापरही याच शतकात झाला. इंग्लंडचा जॉन टेलर स्वतःला सरदार म्हणवून घेत रंगीत बग्गीतून युरोपभर फिरे. तिरळ्या माणसाच्या डोळ्यावर तो वरवरचा छेद देई आणि लगेच चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधी. चांगला डोळा झाकला की वळलेला डोळा पाहण्यासाठी आपोआप सरळ होतो. जमलेले लोक थक्क होत आणि पैसे मोजत. पट्टी सुटून डोळा पुन्हा वळेपर्यंत टेलरची बग्गी पुढच्या गावाला गेलेली असे. संगीतकार बाख याच्या डोळ्यांवर १७५० मध्ये लायप्झिगला शस्त्रक्रिया करणारा हाच तो माणूस. बाख त्यानंतर आंधळा झाला आणि त्याच वर्षी वारला.

आता एका कागदी नाकाची गोष्ट, कारण आजच्या प्रत्येक पालकाला ती ओळखीची वाटेल. इरॅस्मस डार्विन हा उत्क्रांतीच्या डार्विनचा आजोबा, पेशाने वैद्य. १७७८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने पाच वर्षांच्या एका मुलाची हकिकत छापली. हा मुलगा डाव्या बाजूची वस्तू उजव्या डोळ्याने पाही आणि उजव्या बाजूची डाव्या डोळ्याने. म्हणजे नाक ओलांडून पलीकडे पाहण्याची त्याची रीत होती. डार्विनने कागदाचे एक आडोसावजा नाक करून ते टोपीला जोडले आणि मुलाच्या खऱ्या नाकावर बसवले. ते दोन्ही डोळ्यांमधून इंचभर पुढे आले. आता पलीकडे पाहायचे तर मान फार वळवावी लागे. त्या कटकटीपेक्षा मुलाने ज्या बाजूची वस्तू त्या बाजूचा डोळा वापरायला तत्काळ सुरुवात केली. उपाय लागू पडला होता. पण थोड्याच दिवसांत मुलाचे वडील वारले, घराचे लक्ष उडाले आणि सहा वर्षे उपचार बंद पडला. तेवढ्या काळात सवय अशी घट्ट झाली की बरे होण्याची आशा जवळजवळ मावळली. पुन्हा उपचार सुरू केले ते पितळी आडोसे करून. या विकारात सुरुवात केव्हा झाली आणि सातत्य किती राहिले यावर सारे अवलंबून असते, आणि ही गोष्ट या जुन्या कागदावर स्पष्ट उमटलेली आहे. डार्विनला तिचे कारण सांगता आले नाही, इतकेच.

एकोणिसावे शतक सुरीचे आणि भिंगाचे. २६ ऑक्टोबर १८३९ रोजी बर्लिनमध्ये योहान डीफेनबाख यांनी सात वर्षांच्या मुलाचा आतल्या बाजूचा स्नायू कापून तिरळा डोळा सरळ केला. दोष स्नायूत आहे, स्नायू सैल केला की काम झाले, असा विश्वास पसरला आणि पाहता पाहता युरोपात अशा शस्त्रक्रियांची लाट आली. डोळे सरळ झाले. काही उलट दिशेला वळले, तो भाग वेगळा. पण सरळ झालेल्या डोळ्याला पूर्वी जेवढे दिसत नव्हते तेवढेच अजूनही दिसत नव्हते. ही निराशा मोलाची होती. तिने दाखवून दिले की वळण आणि दृष्टी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आजही शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर पट्टी चालूच ठेवायला सांगतात तेव्हा घरचे गोंधळतात. त्या गोंधळाचे उत्तर १८४०च्या दशकातच मिळालेले होते.

भिंगांकडून आलेला उजेड अधिक टिकाऊ ठरला. १८३८ मध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी स्टिरिओस्कोप मांडला आणि दोन डोळ्यांना दिसणाऱ्या किंचित निराळ्या चित्रांतूनच आपल्याला खोली जाणवते हे सिद्ध केले. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांच्या उपकरणाने जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा पहिल्यांदा पाहता येऊ लागला. मंद डोळ्याचा पडदा निरोगी दिसतो हे कोडे तेव्हापासून उघडपणे समोर आले. १८६२ मध्ये स्नेलेन यांचा अक्षरांचा तक्ता आला आणि दृष्टी मोजता येऊ लागली. त्यांचे उट्रेख्टचे सहकारी डोंडर्स यांनी १८६४ च्या ग्रंथात लहान मुलांच्या तिरळेपणामागचे एक मोठे कारण उलगडले. ज्या मुलाला अधिकचा म्हणजे प्लस नंबर असतो, त्याला स्पष्ट पाहण्यासाठी डोळ्याच्या भिंगाला सतत ताण द्यावा लागतो. भिंगाचा हा ताण आणि दोन्ही डोळे आत वळवण्याची क्रिया निसर्गाने एकमेकींशी बांधलेली आहे, कारण जवळचे पाहताना दोन्ही लागतात. मूल स्पष्ट पाहण्यासाठी धडपडते आणि त्या धडपडीत एक डोळा आत वळतो. अशा मुलाला योग्य चष्मा दिला की ताण जातो आणि डोळा सरळ होतो, सुरी न लावता. दोन-तीन वर्षांच्या मुलाला चष्मा लावायला घरचे तयार नसतात, चष्मा लागला की नंबर वाढतो असे शेजारी सांगतात. डोंडर्स यांची ती मांडणी दीड शतकाहून जुनी आहे, आणि आपल्या घरांपर्यंत ती अजून पुरती पोहोचलेली नाही याचे वाईट वाटते.

पॅरिसमध्ये एमिल झावाल यांच्यासाठी हा प्रश्न घरचाच होता. त्यांची बहीण सोफी तिरळी होती. झावाल मूळचे अभियंता. बहिणीच्या डोळ्यांसाठी ते वैद्यकाकडे वळले, आणि डोळा झाकणे व स्टिरिओस्कोपवर दोन चित्रे एकत्र करण्याचा सराव असे दुहेरी उपचार त्यांनी चिकाटीने चालवले. १८९६ मध्ये त्यांनी तिरळेपणावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मंद डोळ्याला नुसते दिसायला लावणे पुरेसे नाही, दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहायला शिकले पाहिजे, ही त्यांची शिकवण. काचबिंदूने १९०० च्या सुमारास ते स्वतः पूर्ण आंधळे झाले, आणि नंतर त्यांनी अंधांसाठी पुस्तक लिहिले.

लंडनचे क्लॉड वर्थ यांनी १९०३ मध्ये तिरळेपणाची कारणे आणि उपचार यांवर लिहिलेले पुस्तक पुढे अनेक दशके नेत्रवैद्यांच्या टेबलावर राहिले. अक्षर न कळणाऱ्या मुलाची दृष्टी ते कशी पाहत? निरनिराळ्या आकारांच्या पाच हस्तिदंती गोळ्या जमिनीवर घरंगळत सोडत आणि मुलाला उचलून आणायला लावत. मग एक डोळा झाकून पुन्हा तोच खेळ. सर्वांत लहान गोळी कोणत्या डोळ्याने सापडत नाही, यावरून निदान. चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचे थेंब टाकून तो तात्पुरता धूसर करण्याची पद्धतही ते वापरत. मेंदूत दोन चित्रे जुळवण्याची जी क्षमता असते ती जन्मतःच अपुरी राहिल्याने तिरळेपणा येतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्याच पुस्तकाची नवी आवृत्ती १९३९ मध्ये सिद्ध करताना शॅव्हास यांनी ते खोडून काढले: क्षमता जन्मतः असते, तिची घडण बाल्यात होते, आणि त्या काळात अडथळा आला तर घडण बिघडते. अडथळा लवकर दूर करा, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. तर्क बिनचूक होता. त्याला पुरावा मिळायला आणखी चोवीस वर्षे लागली.

तो पुरावा दुसऱ्या वाटेने आला. १६८८ मध्ये डब्लिनच्या विल्यम मोलिनो याने एक कोडे मांडून ते तत्त्वज्ञ लॉककडे पाठवले होते: जन्मांध माणसाला स्पर्शाने गोल आणि घन ओळखता येतात, त्याला एकाएकी दृष्टी आली तर पाहून ओळखता येतील का? १७२८ मध्ये लंडनच्या चेसेल्डन या शल्यवैद्याने तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाचे मोतीबिंदू काढल्याची हकिकत लिहिली. मुलाला काय काय आहे हे दिसूनही ओळखता येईना. घरातले मांजर आणि कुत्रा यांत तो घोटाळे, मग मांजराला हाताने चाचपून पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवू पाही. अशा हकिकती पुढेही जमत गेल्या. मोठ्या माणसाचा मोतीबिंदू काढला की त्याला पूर्वीसारखे दिसते. बालपणापासून मोतीबिंदू असलेल्याचा उशिरा काढला तर भिंग स्वच्छ होते, पण पाहणे परत येत नाही. मधल्या काळात डोळ्यात तर काही बिघडलेले नाही. मग बिघडले कोठे?

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांना हा प्रश्न खुणावत होता. एक कॅनडाचे, दुसरे स्वीडनचे. १९५८ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या नेत्रसंस्थेत ते एकत्र आले आणि पुढच्या वर्षी हार्वर्डला गेले. मांजराच्या डोक्याच्या मागच्या भागात, दृष्टीचे काम चालते तेथे, अतिसूक्ष्म तार घालून ते एकेका पेशीचे बोलणे ऐकत. पडद्यावर ठिपके दाखवून काही होईना; एके दिवशी काचपट्टी सरकवताना तिच्या कडेची रेघ पडद्यावर पडली आणि पेशी कडाडून बोलू लागली. बहुतेक पेशी दोन्ही डोळ्यांना प्रतिसाद देतात हे त्यांनी दाखवले. मग त्यांनी नवजात मांजरपिल्लांची एका डोळ्याची पापणी शिवून दोन-तीन महिन्यांनी उघडली. १९६३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उघडलेला डोळा निरोगी होता, त्याचा पडदा काम करत होता, पण मेंदूतल्या त्या भागात त्याचे ऐकणारी पेशी जवळजवळ उरली नव्हती. साऱ्या दुसऱ्या डोळ्याच्या झाल्या होत्या. मोठ्या मांजरावर हाच प्रयोग केला तर काहीही बिघडत नसे. पिल्लू चार-पाच आठवड्यांचे असताना मात्र काही दिवसांचे झाकणेही पुरेसे होई.

पण खरे आश्चर्य १९६५ च्या प्रयोगांत होते. दोन्ही डोळे झाकले तर दोन्हींचे नुकसान व्हायला हवे, एका डोळ्याच्या दुप्पट. तसे झाले नाही. दोन्ही बंद ठेवल्यावर पेशींची हानी एक बंद ठेवल्यापेक्षा कमी निघाली. म्हणजे डोळा नुसता वापराविना गंजत नाही. दुसरा डोळा त्याची जागा बळकावतो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पडीक राहिलेला बांध शेजाऱ्याने नांगरून आपल्या शेतात घेतला. त्याच वर्षी त्यांनी पिल्लांचा एक स्नायू कापून कृत्रिम तिरळेपणा आणला. दोन्ही डोळ्यांना चांगले दिसत होते, पण दोन्हींना मिळून प्रतिसाद देणाऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या. खोलीचे भान कोठे हरवते त्याचे हे उत्तर. दोघांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पिल्लांची किंमत मोजली गेली आहे, आणि आज पट्टी बांधलेल्या प्रत्येक मुलाकडे ते ऋण आहे असे मी मानतो.

आता विखुरलेली कारणे एका सूत्रात आली. तिरळेपणा असेल तर दोन डोळ्यांकडून दोन निराळी चित्रे येतात, एकाची दोन दिसू नयेत म्हणून मेंदू एक दाबून टाकतो. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असेल तर एक चित्र कायम धूसर, आणि हा प्रकार सर्वांत फसवा, कारण मुलाचे डोळे सरळ, सुंदर दिसतात आणि एका डोळ्यावर त्याचे सगळे बरे चाललेले असते. तिसरे कारण अडथळ्याचे: जन्मजात मोतीबिंदू, बाहुलीवर आलेली पापणी, बुबुळावरचा डाग. हे सर्वांत घातक. एका डोळ्याच्या जन्मजात मोतीबिंदूसाठी शस्त्रक्रिया पहिल्या सहा आठवड्यांच्या आसपास व्हावी, असा आग्रह यातूनच आला. एके काळी मूल मोठे होईपर्यंत थांबणे हाच शहाणपणा समजला जाई. लहान बाळाच्या डोळ्यावर कोणत्याही कारणाने दिवसेंदिवस पट्टी ठेवणे धोक्याचे, हेही त्याच वेळी कळले.

पट्टीलाही शिस्त मिळाली. अमेरिकेतील बालनेत्रतज्ज्ञांच्या संशोधन गटाने २००२ मध्ये ४१९ मुलांच्या चाचणीतून दाखवले की मध्यम मंददृष्टीत अ‍ॅट्रोपिनचे थेंब सहा महिन्यांत पट्टीच्या जवळपास पोहोचतात. वर्थ यांचे थेंब शंभर वर्षांनी प्रतिष्ठेने परतले. पुढच्याच वर्षी दिसून आले की मध्यम प्रकारात रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच गुणकारी ठरते. काही मुलांना तर नुसत्या चष्म्यानेच पूर्ण दिसू लागते. पट्टीखाली सूक्ष्म संवेदक बसवून केलेल्या लंडनच्या अभ्यासात सांगितलेल्या तासांच्या निम्म्याच्या आसपासच पट्टी डोळ्यावर राहिल्याचे आढळले. ज्या आईने रडणाऱ्या, पट्टी ओरबाडणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन चित्रे रंगवायला बसवले आहे, तिला या आकड्याचे नवल वाटणार नाही. चांगला डोळा झाकल्यावर मूल रडते म्हणजे हट्ट करते असे नाही. त्याचे खरोखरच दिसणे बंद झालेले असते. डॉक्टर तर बोलता न येणाऱ्या बाळात याच रडण्यावरून निदान करतात.

सात-आठ वर्षांनंतर काही होत नाही, ही समजूत मांजरपिल्लांच्या प्रयोगांतून घट्ट झाली होती. पण त्याच अमेरिकी गटाच्या २००५ च्या चाचणीत सात ते बारा वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून थोडी अधिक मुले उपचाराने सुधारली. अमेरिकेतील मज्जाशास्त्रज्ञ सुझन बॅरी बालपणापासून तिरळ्या. लहानपणी तीन शस्त्रक्रिया झालेल्या. २००२ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, डोळ्यांच्या सरावानंतर गाडीत बसल्या असता समोरचे स्टिअरिंग त्यांना अचानक पुढे तरंगताना दिसले. ज्या शास्त्राच्या त्या प्राध्यापक होत्या त्याने हे अशक्य ठरवले होते. दिल्लीत पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात जन्मजात मोतीबिंदू काढलेल्या भारतीय मुलांनी मोलिनोच्या कोड्याला २०११ मध्ये उत्तर दिले: पाहताक्षणी ओळख पटत नाही, पण थोड्याच काळात पटू लागते. दोन्ही डोळ्यांना एकत्र कामाला लावणारे, चष्म्यासारखे बांधून चित्रपट दाखवणारे उपकरण २०२१ मध्ये अमेरिकेत चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी मंजूर झाले. झावाल यांच्या स्टिरिओस्कोपचे हे नातवंड.

वय मात्र आजही निर्णायक आहे, आणि आपल्याकडची अडचण तेथेच आहे. किंचित तिरळे मूल नशीबवान असते असे म्हणणारी माणसे आपल्या घरांत आहेत, मोठे झाले की आपोआप सुटेल असे सांगणारी त्याहून जास्त. आणि सरळ डोळ्यांच्या मुलाकडे तर कोणी बोटही दाखवत नाही. शाळेत तक्ता वाचताना बोटांच्या फटीतून दुसरा डोळा पाहत राहतो, किंवा पुढच्या मुलाने वाचलेली ओळ पाठ असते, आणि मूल तपासणीतून सुटते. म्हणून तळहाताने नीट झाकून एकेक डोळा पाहणे हीच साऱ्या तपासणीची किल्ली. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशभरासाठी आरंभ झाला; त्याची फिरती पथके अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतील मुले एकदा तपासतात. या कार्यक्रमात सुरुवातीला तीस विकारांची यादी होती. जन्मजात मोतीबिंदू तीत जन्मतःच्या दोषांमध्ये येतो. दृष्टी कमी असणे मात्र डोळ्यांच्या रोगांत घातलेले नाही. ते आहे उशिरा चालणे आणि उशिरा बोलणे यांच्या शेजारी, मुलाच्या वाढीतल्या विलंबांमध्ये.